एका घरात विंडोज आणि लिनक्स नांदवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपचा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. २०१६-१७ च्या सुमारास घेतलेले बरेच लॅपटॉप इथेच बाद होतात. यंत्र धडधाकट असतं, स्क्रीन-कीबोर्ड ठीक असतात, पण सुरक्षेचे अपडेट मिळणं अवघड होत जातं. असा लॅपटॉप भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, घाला, नवा लॅपटॉप विंडोजवर राहू द्या आणि दोघांनी एकमेकांच्या फाइली उघडाव्यात अशी व्यवस्था लावा. ही व्यवस्था पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

लिनक्स अनेक रूपांत मिळतं, निवड भरपूर आहे आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. मी सरळ लिनक्स मिंट सुचवतो. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, फाइलींचा फोल्डर हाताशी, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून वापरता येतं. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. अधिकृत किमान मर्यादा २ जीबी आहे खरी, पण आजच्या वेबसाइट उघडायच्या तर तेवढ्यात भागत नाही.

आधी कामं वाटून घ्या

कोणती सिस्टिम चांगली यावर वाद घालण्याआधी एक कागद घ्या आणि घरातले सगळे जण कॉम्प्युटरवर काय काय करतात ते लिहून काढा. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, मुलांचा ऑनलाइन वर्ग, फोटो, पत्रं, हिशोबाच्या शीट, व्हिडिओ ही सगळी कामं दोन्हीकडे सारखीच होतात, कारण त्यातली बहुतेक ब्राउझरमध्येच होतात.

मग काही कामं उरतात ती विंडोजचीच. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. फोटोशॉप, कोरलड्रॉ नाही. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन लावून जी सरकारी पोर्टलं वापरावी लागतात, ती लिनक्सवर चालवायला फार खटपट पडते. ती कामं विंडोजकडेच ठेवा. प्रिंटरचंही आधी बघून घ्या. एचपीचे बरेचसे प्रिंटर मिंटमध्ये केबल लावताच ओळखले जातात. कॅनन एलबीपी २९०० सारखे जुने लेझर प्रिंटर, जे आपल्याकडे घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून आहेत, ते सुखासुखी चालत नाहीत. घरात असा प्रिंटर असेल तर छपाईही विंडोजच्या यादीत टाका.

यादी झाली की आणखी एक पायरी आहे आणि बहुतेक लोक ती गाळतात. लिनक्स घालण्याआधी काही आठवडे विंडोजवरच ती साधनं वापरायला लागा जी दोन्हीकडे मिळतात: ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी. हात त्यांना सरावले की सिस्टिम बदलल्याचं अर्धं ओझं उतरलेलं असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तर ही पायरी चुकवूच नका. आजोबांना फायरफॉक्सचं तेच चिन्ह, त्याच जागी, तेच बुकमार्क दिसले तर मागे विंडोज आहे की लिनक्स याने त्यांना फरक पडत नाही.

बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा फोल्डर आणि ब्राउझरचे बुकमार्क उतरवून घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-सहा फाइली खरोखर उघडून बघा. नुसतं फोल्डरचं नाव दिसलं म्हणजे आतलं शाबूत आहे असं नाही.

विंडोज लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का हेही याच वेळी तपासा. नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा आपोआप चालू झालेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) थोडासा बदल केला तरी विंडोज पुढच्या वेळी ही की मागू शकतं, आणि ती जवळ नसेल तर स्वतःचाच डेटा हाती लागत नाही.

पेनड्राइव्हवरून चालवून बघा

मिंट डिस्कवर न घालताही चालवून बघता येतं, आणि प्रत्येकाने सुरुवात इथूनच करावी.

१. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.

२. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एकाच फाइलीत) उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते, त्यामुळे मोबाइल डेटावर असाल तर दिवसाची मर्यादा बघून घ्या. साइटवर फाइलची खातरजमा करायची पद्धत दिलेली आहे. अर्धवट उतरलेली फाइल पुढे विचित्र त्रास देते, म्हणून ती पद्धत वापरा.

३. विंडोजवर रुफस हे छोटं साधन उघडा, पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. नुसती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून चालत नाही.

४. लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताच बूट मेनूची (लॅपटॉप कुठून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ १२ चालते, पण काही मॉडेलांत ती आधी बायोसमधून चालू करावी लागते.

५. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. त्यावरचं इन्स्टॉलचं चिन्ह अजून दाबू नका.

आता घाई न करता एकेक गोष्ट तपासा. वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का. झाकण मिटून परत उघडा आणि लॅपटॉप नीट जागा होतो का ते बघा. जुन्या यंत्रांत बिघाड असेल तर तो इथे हमखास दिसतो. प्रिंटर लावा, टीव्हीला एचडीएमआय लावा. वायफाय चाललं नाही तर निराश होऊ नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला नेट मिळेल. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर तिथे एका क्लिकवर मिळतो.

पेनड्राइव्हवरून मिंट थोडं संथ चालतं आणि बंद केल्यावर केलेलं काम राहत नाही. डिस्कवर घातल्यावर वेग बराच वाढतो, म्हणून वेगावरून मत बनवू नका.

एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवण्याचीही सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत साधन विंडोजवर घातलं की खिडकीत मिंट उघडता येतं. त्यासाठी यंत्राची रॅम १६ जीबी असावी, ८ जीबीत दोघांचीही ओढाताण होते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. शिकण्यासाठी हा रस्ता उत्तम, रोजच्या कामासाठी नाही.

जुना लॅपटॉप पूर्ण लिनक्सला

घरात दोन यंत्रं असतील तर माझं स्पष्ट मत हेच: एक विंडोजला, एक लिनक्सला. डिस्कची वाटणी नाही, बूटची भानगड नाही, एक बिघडलं तर दुसरं हाताशी. जुन्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवून घ्या. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला अर्ध्या तासात बसवून देतो, आणि लॅपटॉपच्या वेगात जो फरक पडतो तो कुठलीही सिस्टिम बदलून पडणार नाही. काढलेली डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा.

इथे इन्स्टॉल करणं सोपं. चार्जर लावून ठेवा. पेनड्राइव्हवरून मिंट उघडा, इन्स्टॉलचं चिन्ह दाबा, भाषा आणि कीबोर्ड निवडा, ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ निवडा, वेळेसाठी कोलकाता हे शहर निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड लिहून ठेवा, कारण अपडेट करताना मिंट तो पुन्हा मागतं. पहिल्यांदा चालू झाल्यावर मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन उघडून आठवड्याला सिस्टिमची एक प्रत (स्नॅपशॉट) ठेवायला सांगा. अपडेटनंतर काही बिघडलं तर त्यावरून सिस्टिम मागच्या स्थितीत नेता येते. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम सांभाळतं. तुमच्या फोटोंचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

एकाच लॅपटॉपवर दोन्ही

यंत्र एकच असेल आणि दोन्ही सिस्टिम हव्या असतील तर ड्युअल बूट. यात चालू करताना कोणती सिस्टिम हवी ते निवडायचं असतं. हे जमण्यासारखं आहे, फक्त वेळ नीट निवडा. दहावी-बारावीच्या परीक्षा, आयकर विवरणपत्राची शेवटची तारीख, अशा दिवसांत घरातल्या एकमेव लॅपटॉपच्या डिस्कला हात लावू नका. बॅटरी गेलेली असेल तर वीज जाण्याचा दिवसही टाळा. पुण्यात बऱ्याच भागांत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, तसं तुमच्याकडे जे असेल ते बघून ठरवा. डिस्कची वाटणी चालू असताना वीज गेली तर दोन्हीकडचं जाऊ शकतं.

सुरुवात विंडोजमधून करायची. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि तिथे ‘फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढून टाका. याचं कारण समजून घ्या. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही. सिस्टिमचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडतं. अशा अवस्थेत विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून उघडली तर ती नुसती वाचता येते, किंवा उघडतच नाही. ‘माझ्या फाइली दिसतात पण सेव्ह होत नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा आणि निदान ६० जीबी जागा मोकळी करा. मोकळी झालेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून काळ्या पट्टीत दिसते. तिला नवं नाव देऊ नका, फॉरमॅट करू नका, तशीच ठेवा. आकुंचन नेहमी विंडोजच्याच साधनाने करा. सी ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर तर नक्कीच.

आता पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू करा. ‘इन्स्टॉलेशन टाइप’ नावाचा पडदा येतो तिथे थांबा आणि सगळं वाचा. ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ असा पर्याय दिसला तर तो घ्या. त्याच्या जवळच ‘इरेज डिस्क’ असतो, त्याने विंडोजसकट सगळं जातं. पहिला पर्याय दिसत नसेल तर ‘समथिंग एल्स’ निवडा. डिस्कच्या भागांचा एक तक्ता उघडतो. त्यात ‘फ्री स्पेस’ लिहिलेली ओळ शोधा आणि तिचा आकार तुम्ही मोकळ्या केलेल्या जागेइतकाच आहे ना ते पडताळा. तीच ओळ निवडून अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार ‘एक्सटी ४’ (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) ठेवा आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/) द्या. ‘एनटीएफएस’ लिहिलेल्या ओळी विंडोजच्या आहेत. ‘ईएफआय’ लिहिलेला छोटा भाग दोघांचा सामाईक आहे. त्यांना हात लावायचा नाही, फॉरमॅटच्या चौकटीत खूण करायची नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’वर असण्याची शक्यता मोठी. ते बदलल्यावर विंडोज सुरू होण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून इथे जाणत्या माणसाला शेजारी बसवा. सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करायची घाईही नको. मिंट ते चालू असतानाही सुरू होतं.

फाइलींची ये-जा

दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवायच्या तर ते एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज, लिनक्स, मॅक तिघेही त्यावर वाचतात आणि लिहितात. फॅट ३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. एनटीएफएसवर मॅकला मुळात लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. परदेशातून सुट्टीला आलेली मुलं मॅक घेऊन येतात तेव्हा फोटो देता-घेताना हे समजतं.

फाइलींच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारा किंवा उभी रेघ वापरू नका. लिनक्स ‘हिशोब: मार्च’ असं नाव मुकाट्याने घेतं, पण तीच फाइल एक्सफॅटवर कॉपी होत नाही, विंडोजला हे नाव चालत नाही.

एकाच वायफायवर असलेल्या यंत्रांत फाइली पाठवायला लोकलसेंड हे ॲप सर्वांत सोपं. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे मिळतं, खातं उघडावं लागत नाही, फाइल घराबाहेर जात नाही.

मराठी दोन्हीकडे सारखं

घरातली सिस्टिम बदलली आणि मराठी लिहिता येईना, म्हणून लोक परत फिरतात. हे टाळता येतं. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट मांडणी मिळते आणि इंग्रजी उच्चारावरून लिहिणाऱ्यांसाठी ‘मराठी फोनेटिक’ही मिळतं. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठीखाली इन्स्क्रिप्ट आणि कागपा फोनेटिक असे पर्याय दिसतात. दोन सिस्टिमच्या फोनेटिक मांडण्या एकसारख्या नसतात, बोटं चुकत राहतात. इन्स्क्रिप्ट मात्र प्रमाण मांडणी आहे, सगळीकडे कळा त्याच. ‘ऱ्ह’ हवं तर शिफ्ट-जे, मग डी, मग यू, ‘ळ’ शिफ्ट-एनवर. दोन सिस्टिम वापरणार असाल तर इन्स्क्रिप्ट शिकून घ्याच, रोज थोडा सराव केला की हातात बसते.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने टाइप केलेला मजकूर घरात असेल तर तो विंडोजवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो मजकूर ठराविक फॉन्टच्या भरवशावर असतो. लिनक्समध्ये तो फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो.

युनिकोड मजकूर सगळीकडे उघडतो, पण विंडोजमधला मंगल फॉन्ट मिंटमध्ये नसतो, म्हणून पानांची लांबी बदलते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे मोफत फॉन्ट दोन्हीकडे घाला आणि तेच वापरा. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी करताच ते आपल्या वळणावर येतात. छपाईला दुकानात द्यायचं असेल तर पीडीएफच न्या.

नेहमी भेटणाऱ्या दोन अडचणी

ड्युअल बूटमध्ये मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबलं की तात्पुरतं सुधारतं. कायमचं सुधारायला मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल या आज्ञेने यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं.

दुसरी अडचण, विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर निवडीचा मेनूच येत नाही, थेट विंडोज उघडतं. मिंट बहुतेक वेळा जागच्या जागी असतं. बायोसमध्ये बूटचा क्रम बघा आणि लिनक्सची नोंद वर आणा. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटने सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होणंच थांबवलं होतं. म्हणून मिंटचा पेनड्राइव्ह पुसून टाकू नका, तो दुरुस्तीला लागतो.

नकोसं झालं तर

ड्युअल बूटमधून मिंट काढायचं असेल तर आधी तिथल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण विंडोज एक्सटी ४ वाचत नाही. मग बायोसमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज सरळ सुरू होतं याची खात्री करा. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये मिंटचा भाग डिलीट करा आणि मोकळी जागा ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ने सी ड्राइव्हला जोडा. मिंटचा भाग ओळखताना नावावर जाऊ नका, तुम्ही मोकळ्या केलेल्या जागेचा आकार जुळतो का ते बघा. ‘ईएफआय’ आणि ‘रिकव्हरी’ लिहिलेले छोटे भाग तसेच राहू द्या.